एन्लार्जरचा फोकस: परत परत येणारे प्रश्न, फोंड्याच्या एका दमट डार्करूममधून

गोव्यात फोंड्याला घरामागच्या जुन्या कोठीत माझी डार्करूम आहे, चिऱ्याच्या भिंती, एकच जनेल आणि त्यावर काळं कापड. शिकायला येणारी पोरं, आणि ज्यांना कुणाच्या तरी माळ्यावर जुना एन्लार्जर (निगेटिव्हवरून पेपरवर मोठी प्रिंट काढायचं यंत्र) सापडलाय अशी मंडळी, व्हॉट्सअ‍ॅपवर तेच ते प्रश्न पाठवत असतात. त्यातले फोकसबद्दलचे इथे एकत्र केलेत. डेव्हलपर, पेपर, टेस्ट स्ट्रिप (एक्स्पोजर ठरवायला आधी काढायची पेपरची पट्टी) वगैरे यात नाही, फक्त फोकस. घाई असेल तर आधी प्रश्न ८ वाचा, निम्म्या लोकांचा घोळ तिथेच असतो.

१. फोकस करायचा म्हणजे नेमकं काय फिरवायचं? कॉलमवरचं हँडल की बेलोजजवळचा नॉब?

दोन्ही, पण कामं वेगळी. कॉलमवरच्या, म्हणजे उभ्या खांबावरच्या हँडलने आख्खं हेड (बल्ब, निगेटिव्ह आणि लेन्स असलेला वरचा भाग) वर-खाली जातं आणि त्याने प्रिंटची साइज ठरते. बेलोज म्हणजे लेन्सवरचा घड्यांचा भाता, त्याच्याजवळचा नॉब लेन्सला निगेटिव्हच्या जवळ-लांब नेतो, फोकस तिथे होतो. अडचण एवढीच की एक हलवलं की दुसरं बिघडतं, म्हणून साइज, फोकस, परत थोडी साइज, परत फोकस असं दोन-तीन वेळा करावं लागतं, त्यात तुमचं काही चुकत नाहीये.

किती फरक पडतो त्याचा अंदाज घ्या. ५० मिमीची लेन्स आहे, ४ पट मोठं करायचंय, तर लेन्सपासून पेपर २५ सेंमीवर आणि निगेटिव्ह ६२.५ मिमीवर येतं. तेच ८ पट केलं तर पेपर ४५ सेंमीवर जातो आणि निगेटिव्ह ५६.२५ मिमीवर. म्हणजे खाली २० सेंमीचा फरक आणि वर जेमतेम ६ मिमीचा. लेन्सच्या वरची बाजू किती नाजूक आहे ते इथेच कळतं, आणि पुढची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

२. काका, मी पहिल्यांदाच करतोय, सुरुवातीपासून सांगा ना.

निगेटिव्ह ब्लोअरने साफ करून कॅरियरमध्ये, म्हणजे निगेटिव्ह धरणाऱ्या चौकटीत घाल (कुठली बाजू खाली ते प्रश्न ३ मध्ये). ईझलवर (खाली पेपर धरून ठेवणारी चौकट) पांढरा कागद ठेव, म्हणजे फुकट गेलेल्या प्रिंटची मागची बाजू वगैरे, चांगला पेपर नको. खोलीतला लाइट बंद, सेफलाइट (पेपर न बिघडवणारा मंद दिवा) चालू, आणि डोळ्यांना एक-दोन मिनिटं दे, बाहेरच्या उन्हातून आत आलास की पहिली दोन मिनिटं काहीच धड दिसत नाही. लेन्सचं ॲपर्चर (कमी-जास्त करता येणारं भोक) पूर्ण उघड. हेड वर-खाली करून साइज आण, नॉबने ढोबळ फोकस कर, फ्रेमिंग बघ, परत साइज, परत नॉब. जमलं की आधी हेडचा लॉक आवळ आणि मग ग्रेन फोकसर (प्रश्न ५ बघ) घेऊन बारीक फोकस कर, कारण आवळताना हेड केसभर सरकतंच.

नॉब फिरवताना फोकस आला असं वाटल्यावर लगेच थांबायचं नाही, पुढे जा, बिघडू दे, मागे ये, तिकडेही बिघडू दे, आणि दोन्ही बिघाडांच्या मधोमध येऊन थांब. रेडिओचं स्टेशन लावायचो ना आम्ही, तसं. नॉबला स्वतःचा लॉक असेल तर तो आवळल्यावर परत एकदा फोकसरमधून बघ. मग ॲपर्चर दोन-तीन स्टॉप, म्हणजे टप्पे, बंद कर, लाइट बंद, पेपर लाव.

३. निगेटिव्हची चकचकीत बाजू वर की खाली?

चकचकीत बाजू वर बल्बकडे, मॅट बाजू म्हणजे इमल्शन (चित्र असलेला थर) खाली लेन्सकडे. उलटी घातली तरी फोकस होतो, फोटो फक्त आरशातल्यासारखा येतो आणि मडगावच्या दुकानाची पाटी उलटी वाचावी लागते. कळत नसेल तर तिरक्या उजेडात धरा, इमल्शनच्या बाजूला चित्राचा किंचित उठाव दिसतो.

४. फोकस ॲपर्चर उघडं ठेवून करायचा आणि प्रिंट बंद करून काढायची, मग मधे फोकस हलत नाही का? आणि कुठल्या स्टॉपवर काढायची?

उघडं ठेवायचं कारण उजेड भरपूर मिळतो आणि फोकसची खोली (जेवढ्या अंतरात शार्प दिसतं ती) कमी असते, त्यामुळे चूक लगेच दिसते. एफ/११ वर (एफचा आकडा जेवढा मोठा तेवढं भोक बारीक) फोकस करायला गेलात तर बराच वेळ सगळंच बऱ्यापैकी शार्प वाटत राहतं, आणि अंधारही होतो.

स्टॉप बंद केल्यावर फोकस सरकू शकतो, हे खरंय. चांगल्या लेन्समध्ये तो जाणवत नाही, साध्या तीन काचांच्या लेन्समध्ये जाणवतो. आपली लेन्स कशी आहे हे एकदाच तपासून ठेवा, उघड्यावर फोकस करा, फोकसर तिथेच ठेवून एफ/८ वर या, आणि ग्रेन (फिल्मवरच्या चित्राचे बारीक दाणे) अजून टोकदार आहे का बघा. नसेल तर त्या लेन्सला बारीक फोकस कायम प्रिंटच्याच स्टॉपवर करायचा, डोळे ताणून का होईना.

कुठला स्टॉप, तर ५० मिमी एफ/२.८ लेन्सला एफ/५.६ ते एफ/८. एफ/१६, एफ/२२ वर जास्त शार्प येईल असं वाटतं पण उलट होतं, भोक बारीक झालं की डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे भोकाच्या कडांशी उजेड पसरल्यामुळे, सगळंच जरा मऊ पडतं.

५. ग्रेन फोकसर घ्यायलाच हवा का? नुसत्या डोळ्यांनी होत नाही?

५×७ पर्यंत डोळे चांगले असतील तर होतं. ८×१० पासून पुढे मात्र घ्याच, लेन्स थोडी स्वस्तातली असली तरी चालेल पण फोकसर हवा असं माझं मत आहे. तो म्हणजे छोटा मायक्रोस्कोप, खाली आरसा, वर आयपीस, आरशातून आलेली प्रतिमा मोठी करून दाखवतो, आणि तुम्ही चित्राऐवजी थेट फिल्मचा ग्रेन फोकस करता. ग्रेन शार्प म्हणजे एन्लार्जरचा फोकस बरोबर, मग फोटोत काय हललंय ते कॅमेऱ्याने बघून घ्यावं.

चाळिशीचा चष्मा लागलेल्यांनी तर वाद घालूच नये. मी दोन वर्षं घातला, आणि त्या दोन वर्षांच्या प्रिंट आता कुणाला दाखवत नाही.

६. फोकसर घेतला पण त्यातून काहीच दिसत नाही, किंवा ग्रेन दिसतच नाही. पीस खराब आहे का?

बहुतेक नाही. आधी आयपीस स्वतःच्या डोळ्याला लावून घेतलाय का? आत एक बारीक रेघ किंवा क्रॉस असतो, एन्लार्जरचा लाइट चालू ठेवून आयपीस फिरवत ती रेघ एकदम काळी, धारदार दिसेपर्यंत आणायची. हे प्रत्येकाचं वेगळं असतं, मित्राने त्याच्या डोळ्याला लावलेल्या फोकसरवर तुम्ही फोकस केलात तर फोकस चुकणार, आणि चुकलाय हे कळणारही नाही. माझ्याकडे एकाच फोकसरवर चार पोरं काम करतात, म्हणून बसल्यावर पहिलं काम रेघ बघणे असा नियमच केलाय.

दुसरं, तो फ्रेमच्या मधल्या भागातच ठेवा. साध्या फोकसरचा आरसा छोटा आणि एकाच कोनात असतो, कोपऱ्यात नेला की काळोख. लांब, हलणारा आरसा असलेले मिळतात, ते कोपऱ्यापर्यंत जातात पण महाग.

तिसरं, ग्रेन शोधायचा कुठे? निगेटिव्हच्या करड्या भागात, मळभाचं आकाश, चुना लावलेली भिंत, हाताची कातडी. पारदर्शक भागात ग्रेन नसतोच आणि फार काळ्या भागातून उजेड येत नाही. ६×६ चं निगेटिव्ह ८×१० वर नेताना ते जेमतेम साडेतीन पट मोठं होतं, तिथे बारीक ग्रेनच्या फिल्मवर काही दिसलं नाही तर नवल नाही. इल्फर्ड एक्सपी२ सारख्या रंगीत प्रोसेसमध्ये धुतलेल्या फिल्ममध्ये तर चांदीचा ग्रेन उरतच नाही, रंगाचे ढग असतात आणि ते कधी टोकदार दिसत नाहीत. अशा वेळी चित्रातली कडक रेघ पकडा, विजेची तार, दाढीचे केस, नाहीतर एखादा ओरखडा. तेवढ्यापुरता ओरखडासुद्धा कामाला येतो.

७. फोकसरखाली पेपरचा तुकडा ठेवायचा की नाही? एक म्हणतो ठेव, दुसरा म्हणतो येडा आहेस का.

ठेवला तर वाईट काही नाही, न ठेवल्याने प्रिंट बिघडत नाही. जाड फायबर पेपर पाव मिमीच्या आसपास असतो. ८ पट मोठं करताना पेपरच्या बाजूचा फरक निगेटिव्हच्या बाजूला आठाचा वर्ग, म्हणजे ६४ ने भागून पोचतो. पाव मिमी भागिले ६४, म्हणजे मिमीचा अडीचशेवा भाग. एफ/८ वर पेपर वर-खाली काही मिमी हलला तरी डोळ्याला कळत नाही.

मी ठेवतो, पण ईझलवर फोकसर घसरू नये म्हणून. हाच ६४ चा आकडा उलटा फिरवला की काय होतं ते पुढच्या प्रश्नात.

८. फोकसरमधून ग्रेन एकदम कडक दिसला, काहीही हलवलं नाही, तरी प्रिंट सॉफ्ट. लेन्स बदलू का?

थांबा, लेन्स नको. फिल्म हलली असणार.

उघड्या कॅरियरमध्ये, म्हणजे ज्यात काच नाही आणि निगेटिव्ह फक्त कडांनी धरलेलं असतं, त्यात वर बल्ब पेटला की फिल्म तापते आणि मधे फुगते. निगेटिव्ह पॉप झालं म्हणतात ते हेच. कधी टक् करून एकदम होतं, कधी हळूहळू. हे एकदा स्वतः बघाच. थंड एन्लार्जरमध्ये निगेटिव्ह घाला, लाइट लावा, झटपट फोकस करा आणि मग कशालाही हात न लावता फोकसरला डोळा लावून बसा. सुरुवातीला ग्रेन मोहरीसारखा वेगवेगळा दिसत असतो. पंधरा-वीस सेकंदांनी त्याच्या कडा मऊ होतात, मग मोहरीचं पीठ होतं, आणि मिनिटभरात नुसतं करडं धुकं. नॉबला बोटसुद्धा लागलेलं नाही. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी मी हेच दाखवतो, कारण सांगून कुणी विश्वास ठेवत नाही.

आता तो ६४. फिल्म अर्धा मिमी फुगली तर ८ पटीला शार्प प्रतिमा पेपरपासून ३२ मिमी लांब जाते, सव्वा इंच! एफ/८ ची फोकसची खोली तिथपर्यंत पुरत नाही. फोकसरखाली कागद ठेवायचा की नाही यावर भांडणारे आपण, आणि वर अर्ध्या मिमीत सगळं वाहून जातं.

खरा सापळा याच्या पुढे आहे. मी एकदा फोंड्याच्या शिगम्यातल्या रोमटाच्या, म्हणजे ढोल वाजवत जाणाऱ्या मिरवणुकीच्या, एका फोटोची प्रिंट काढत होतो, ढोलवाल्याचा हात हवेत आणि मागे गुलालाचा धूर. टेस्ट स्ट्रिप कडक. मग फ्रेमिंगचा किडा चावला, लाइट चालू ठेवून दहा मिनिटं इकडे-तिकडे केलं, शेवटी फोकस केला. लाइट बंद. पेपरचा डबा शोधला, बायको जेवायला हाक मारत होती तिला दोन मिनिटं म्हटलं, पेपर लावला, १२ सेकंद एक्स्पोजर. सॉफ्ट. परत, परत सॉफ्ट. तीन पेपर घालवले आणि रात्रभर लेन्सला शिव्या दिल्या. झालं होतं काय, तर फोकस तापलेल्या फिल्मवर केला आणि एक्स्पोजर गार फिल्मवर दिलं. टेस्ट स्ट्रिप कडक आली कारण तेव्हा दोन्ही गारच होतं.

म्हणजे फिल्म तापली तरी बिघडत नाही, पण फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही एकाच तापमानाला झाले पाहिजेत. त्यासाठी मी लाइट लावून आधी मिनिटभर थांबतो, फिल्म फुगायची ती फुगू दे, मग फोकस. पेपर लावायच्या वेळी लेन्सखालचा लाल फिल्टर आड घेऊन लाइट परत लावतो, अर्धा-पाऊण मिनिट फिल्म तापू देतो (नेहमीच्या ब्लॅक अँड व्हाइट पेपरला तेवढ्याने काही होत नाही, तरी आपल्या पेपरचा एक तुकडा ठेवून आधी खात्री करा), मग लेन्सखाली काळा पुठ्ठा धरून फिल्टर बाजूला, दोन क्षण थरथर थांबू दे, आणि पुठ्ठा काढून सेकंद मोजायचे. भटजीसारखं वाटतं पण चालतं.

बल्ब एलईडी केला तर उष्णता खूपच कमी होते, मात्र मल्टिग्रेड पेपरचे (फिल्टर बदलून कॉन्ट्रास्ट कमी-जास्त करता येतो तो पेपर) ग्रेड इकडे-तिकडे होतात, टेस्ट सगळ्या परत कराव्या लागतील. आणि कायमचा इलाज म्हणजे काचेचा कॅरियर, तो प्रश्न ९ मध्ये.

९. मग सरळ काचेचा कॅरियरच वापरला तर?

वापरा, मोठ्या प्रिंटला मी तोच वापरतो. फिल्म दोन काचांमध्ये दाबलेली, फुगायला जागाच नाही. किंमत दोन गोष्टींची मोजावी लागते. एक धूळ, काचेच्या चार बाजू वाढल्या, आणि आपल्याकडे चिऱ्याच्या भिंतीची लाल भुकटी कुठूनही येते. दुसरं न्यूटन रिंग्ज, फिल्मची चकचकीत बाजू गुळगुळीत काचेला नीट टेकली नाही की पाण्यावर रॉकेल सांडल्यासारखी वळणं दिसतात आणि प्रिंटमध्ये येतात. त्यासाठी वरची काच खास खरखरीत, अँटी-न्यूटन मिळते, ती फक्त वर घालायची, खाली साधी स्वच्छ काच, कारण इमल्शन मुळातच मॅट असतं आणि खालच्या काचेचा खरखरीतपणा प्रतिमेच्या वाटेत येतो.

वरती एकच काच आणि खाली उघडं अशी अर्धी सोयही चालते. फिल्म वर फुगत नाही, धूळ निम्मी.

१०. पावसाळ्यात माझा फोकस जास्त बिघडतो असं वाटतं, मनाचे खेळ आहेत का?

नाही हो, गोव्यात जून ते सप्टेंबर हे होणारच. जिलेटिन हवेतलं पाणी पितं, फिल्म मऊ पडते, आणि बल्बखाली गेली की ते पाणी उडताना ती जास्त वळवळते. निगेटिव्ह घट्ट डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, निळं गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर परत भाजून घ्या. तांदूळ घालू नका, पीठ उडतं आणि ती धूळ निगेटिव्हवर बसते.

एसीच्या खोलीतून लेन्स आणली आणि दमट डार्करूममध्ये लगेच लावली तर तिच्यावर वाफ बसते. फोकसरमधून सगळं धुरकट, नॉब कितीही फिरवा. पुसू नका, अर्धा तास तिथेच राहू द्या. आणि लेन्सवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसत असतील तर तो फोकसचा प्रश्न नाही, कॉन्ट्रास्ट पडतो, काळा रंग राखाडी होतो आणि आपल्याला ते सॉफ्ट वाटतं. टॉर्च तिरका मारून बघा.

आणखी एक, एन्लार्जरच्या तळाचा लाकडी बेसबोर्ड. माझा एका चवथीपर्यंत इतका वाकला की त्यावर ठेवलेली पेन्सिल आपोआप भिंतीकडे जायची. त्याचं पुढे प्रश्न ११.

११. मधे शार्प आहे पण कोपरे नाहीत. कधी एकच बाजू सॉफ्ट येते.

ही दोन वेगळी दुखणी. चारही कोपरे सारखेच सॉफ्ट असतील तर फिल्म फुगलीय (प्रश्न ८) किंवा लेन्स फारच उघडी आहे, दोन स्टॉप बंद करून बघा. एकच बाजू किंवा एकच कोपरा सॉफ्ट असेल तर एन्लार्जर तिरपा आहे. निगेटिव्ह, लेन्स आणि बेसबोर्ड, तिघंही एकमेकांना समांतर पाहिजेत. जमिनीला समांतर नसले तरी चालेल, आपापसात पाहिजेत.

तपासायला टेस्ट निगेटिव्ह घरीच करा. फिल्मच्या सुरुवातीचा पूर्ण काळा झालेला तुकडा असतो ना, त्यावर इमल्शनच्या बाजूने सुईने मधे आणि चार कोपऱ्यांत फुल्या ओरखडा. काचेच्या कॅरियरमध्ये घाला, लेन्स पूर्ण उघडी, मधली फुली कडक करा आणि नॉब न हलवता कोपरे बघा. साधा फोकसर कोपऱ्यात चालत नाही, तेव्हा पांढऱ्या कागदावर भिंग धरून बघा. गवंड्याची छोटी लेव्हल बॉटल आधी बेसबोर्डवर, मग कॅरियरच्या जागी, मग लेन्सच्या पाटीवर टेकवून तिन्हीकडे बुडबुडा एकाच ठिकाणी येतो का तेही बघता येतं. हेडला ॲडजस्टमेंटचे स्क्रू असतील तर त्याने, नसतील तर बेसबोर्ड आणि कॉलमच्या मधे पातळ वॉशर घालून आणा. मी लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून घातलाय, चार वर्षं झाली, जोडपंही सुखात आहे आणि एन्लार्जरही.

वाकलेल्या लाकडी बोर्डावर वॉशर चालत नाहीत. तो काढून वॉटरप्रूफ प्लायचा जाड बोर्ड, कडासुद्धा पॉलिश करून, हाच उपाय.

१२. ग्रेनच्या प्रत्येक ठिपक्याला जुळी सावली आलीय, दोनदा छापल्यासारखं. हा कसला फोकस?

हा फोकस नाही, एक्स्पोजर चालू असताना काहीतरी हललं. जुन्या घरात माडीवर लाकडी तक्तपोशी असेल आणि वर कुणी चाललं तरी हेड डोलतं. खाली स्वयंपाकघरात मिक्सर, घरासमोरून खडीचा ट्रक, छताचा पंखा (पंखा बंद करा, घाम पुसा). कॉलमचं वरचं टोक भिंतीला पट्टीने बांधून टाका, एवढ्यानेच निम्मं काम होतं. सावली नाही पण एका दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल तर हेड हळूहळू खाली घसरतंय, लॉक झिजलाय.

आणि ग्रेन टोकदार पण चित्र हललेलं असेल तर एन्लार्जरला सोडा, ते फोटो काढतानाच झालंय.

१३. नॉब शेवटपर्यंत फिरवला तरी फोकस येतच नाही.

लेन्स आणि निगेटिव्हची जोडी बघा. ३५ मिमीच्या फिल्मला ५० मिमी, ६×६ ला ७५ किंवा ८०, ६×९ ला १०५, ४×५ इंचाला १५० मिमीची लेन्स लागते. लेन्स मोठी असेल तर बेलोज पुरत नाही, छोटी असेल तर बेलोज तेवढा दाबला जात नाही, म्हणून काही एन्लार्जरना ५० मिमीसाठी आत खोल गेलेली लेन्सपाटी आणि ८० साठी सपाट पाटी येते. माळ्यावर सापडलेल्या एन्लार्जरची दुसरी पाटी हरवलेलीच असते. ३९ मिमीचा स्क्रू बहुतेक लेन्सना सारखाच, त्यामुळे पाटी लेथवाल्याकडून करून घेता येते.

फार छोटी प्रिंट काढतानाही असं होतं. निगेटिव्हच्याच साइजची प्रिंट हवी असेल तर ५० मिमीच्या लेन्सला वर १०० आणि खाली १०० मिमी लागतात, तेवढा बेलोज बऱ्याच एन्लार्जरना नसतो. मग जास्त मिमीची लेन्स लावून उपयोग नाही, तिला आणखीच लांब बेलोज लागतो. निगेटिव्ह थेट पेपरवर ठेवून कॉन्टॅक्ट प्रिंट काढा, सुटलात.

१४. लाल फिल्टर लावून फोकस केला तर चालेल? मल्टिग्रेडचे फिल्टर लावून?

लालमधून नको. पेपर लाल बघतच नाही, तो निळा-हिरवा बघतो, आणि साध्या लेन्समध्ये लालचा आणि निळ्याचा फोकस थोडा वेगळा पडतो. शिवाय अंधार. पांढऱ्या उजेडात फोकस करा, निळा फिल्टर लावून फोकस करण्याच्या फंदात पडू नका, चांगल्या लेन्सला तेवढा फरक दिसत नाही.

मल्टिग्रेडचे फिल्टर शक्यतो बल्बखालच्या ड्रॉवरमध्ये घाला. तिथे ते प्रतिमेच्या वाटेत नसतात, ओरखडे असले तरी काही होत नाही. लेन्सखाली धरायचे असतील तर ते निर्मळ हवेत, बोटाचा एक तेलकट ठसा पुरतो सगळं धुरकट करायला.

१५. ऑटोफोकसचा एन्लार्जर मिळतोय, घेऊ का? मग हे सगळं करायला नको ना?

लाइट्झ फोकोमॅटसारख्या एन्लार्जरमध्ये हेड वर-खाली केलं की एक कॅम लेन्सला आपोआप हलवतो, इलेक्ट्रॉनिक काही नाही, साधं यंत्र आहे आणि सुंदर आहे. पण तो कॅम ठराविक लेन्ससाठी आणि ठराविक उंचीच्या ईझलसाठी जुळवलेला असतो. लेन्स बदललेली असेल तर कॅम काहीतरी भलतंच करणार. आणि फिल्म फुगली की कॅमला ते कळत नाही, म्हणजे प्रश्न ८ आहे तिथेच आहे. घ्या, पण फोकसरने तपासत राहा.

१६. मंगेशीचा दीपस्तंभ खालून काढलाय, वरती निमुळता झालाय. ईझल तिरपं करून सरळ करता येतो म्हणे, मग फोकसचं काय?

करता येतो. सात मजली स्तंभ खालून काढला की वरचा भाग लहान येणारच. स्तंभाचा वरचा भाग पेपरवर जिथे पडतो ती ईझलची बाजू थोडी खाली जाईल, म्हणजे लेन्सपासून लांब जाईल, असं तिरपं करा, तिथे प्रतिमा मोठी होते आणि कडा समांतर होतात. पण आता पेपरची एक बाजू लांब आणि एक जवळ, सगळीकडे एकदम फोकस येणार नाही. थोडाच तिरपा असेल तर फ्रेमच्या साधारण एक तृतीयांश आतल्या भागावर फोकस करा आणि एफ/११ किंवा एफ/१६ पर्यंत बंद करा. इथे प्रश्न ४ मधला डिफ्रॅक्शनचा तोटा पत्करायचा. जास्त तिरपा हवा असेल तर निगेटिव्हची किंवा लेन्सची पातळी वाकवता येणारा एन्लार्जर लागतो, निगेटिव्ह, लेन्स आणि पेपर या तिघांच्या पातळ्या वाढवल्या तर एकाच रेषेत मिळतील असं लावलं की पूर्ण स्टॉप उघडा असतानाही सगळीकडे शार्प येतं. उत्साहाच्या भरात स्तंभ अगदी काटकोनात आणू नका, वर मान करून बघणाऱ्याला तो थोडा निमुळताच दिसतो.

१७. आजोबांच्या ट्रंकेत काचेची निगेटिव्ह सापडलीत. ती एन्लार्जरमध्ये घालून फोकस होईल का?

काच जाड आहे म्हणून फोकस अडत नाही, इमल्शन खाली केलं की लेन्सला काच दिसतच नाही, फक्त त्यावरचं चित्र दिसतं. कॅरियरमध्ये मावली पाहिजे एवढंच, आणि एन्लार्जर त्या साइजचा पाहिजे. गंमत म्हणजे काच फुगत नाही, एकदा फोकस केला की तासाभरानेही तिथेच.

तरी मी नाही घालणार. जुनं इमल्शन कडेने सुटायला लागलेलं असतं, बल्बच्या उष्णतेने आणखी उचलतं, काच तडकली तर आजीच्या लग्नाचा एकुलता एक फोटो गेला. काचेची निगेटिव्ह मुळात मोठीच असतात, पेपरवर अलगद ठेवून कॉन्टॅक्ट प्रिंट काढा, इमल्शन पेपरकडे. एन्लार्जर तेव्हा फक्त वरचा दिवा म्हणून वापरायचा, नॉब कुठेही असला तरी चालतो.